बाकापासून बाकापर्यंत

माझ्या वडिलांना वर्तमानपत्रात सर्वांत आधी धरणांतील पाणीसाठा पाहण्याची सवय आहे. तोतलाडोहात किती टक्के, कामठी खैरीत किती टक्के, हे वाचल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही. सत्तरच्या दशकात पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता असताना त्यांची काही वर्षे पेंच प्रकल्पावर गेली. नागपूरकर आज जे पाणी पितात त्यातील मोठा वाटा याच नदीचा. त्यामुळे नळाला पाणी आले की वडिलांना ते आपल्या ओळखीच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखे वाटते.

वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते पडले. पहाटे पाचला लघवीसाठी उठले, न्हाणीघरात शिरताना तोल गेला आणि डावे मनगट मोडले. फरशी ओली होती. सहा आठवडे प्लास्टर राहिले. हाड व्यवस्थित जुळले, परंतु त्या सहा आठवड्यांत मी मुलगा म्हणून आणि डॉक्टर म्हणून एक हुकूम काढला, "बाबा, आता एकट्यानं फाटकाबाहेर जायचं नाही." पुढे त्या हुकुमाच्या सीमा आक्रसत गेल्या. आधी वसाहतीतील बगीचा बंद झाला, मग कोपऱ्यावरचे दुकान, मग अंगणही. वर्षभराने त्यांचे जग आरामखुर्ची, जेवणाचे टेबल आणि पलंग एवढ्यावर येऊन थांबले. ते पुन्हा पडले नाहीत, याचे मला समाधान होते.

एके रात्री पत्नी म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही दिवसभर सगळ्यांना चाला म्हणून सांगता. घरातल्या पेशंटला मात्र बसवून ठेवलंय." वडिलांचे जेवणखाण, औषधे, आंघोळीचे पाणी हे सारे तीच पाहते. तिचे बोलणे मनाला लागले. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना एक साधी चाचणी करायला सांगितली : दोन्ही हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायचे. दोनदा प्रयत्न करूनही त्यांना उठता आले नाही. मांड्यांचे स्नायू हाताला सैल लागत होते. पडू नयेत म्हणून बसवून ठेवलेला माणूस आता उभा राहिला की पडेल, अशा अवस्थेत मी त्याला आणून ठेवले होते.

हे चक्र वृद्धांच्या घरोघरी चालते. पडण्याची भीती वाटते म्हणून चालणे कमी होते. चालणे कमी झाले की पायांतील बळ आणि तोल सांभाळण्याची सवय दोन्ही जातात आणि मग पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीनंतरही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायू यांचा व्यायाम असावा. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी प्रकृतीला झेपेल तेवढे करावे, असेही ती संघटना सांगते.

मी वडिलांना म्हणालो, "बाबा, चालायला सुरुवात करू या." ते म्हणाले, "कशासाठी?" या प्रश्नाला रक्तदाब, साखर, स्नायू अशी उत्तरे माझ्याजवळ होती, त्यांतील एकही त्यांना पुरेसे वाटले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पेंचचं पाणी बघायला नेशील?" तेव्हा नोव्हेंबर सुरू होता. फेब्रुवारीत नेतो, असे मी सांगून टाकले. आमच्या हाती तीन महिने होते.

अंबाझरीची शाळा

सराव कुठे करायचा, हा पहिला प्रश्न होता. वसाहतीच्या रस्त्यावर दुचाक्या आणि मोकाट कुत्री; घराच्या गच्चीवर चालण्याचा वडिलांना कंटाळा. म्हणून आम्ही अंबाझरीचे जैवविविधता उद्यान निवडले. अंबाझरी तलाव दीडशे वर्षांहून जुना; एके काळी तो शहराला पाणी पुरवीत असे. लाव्याच्या टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी याच तलावातून पुढे शहरात शिरते. तलावाच्या मागच्या बाजूस सुमारे साडेसातशे हेक्टरांवर वन विभागाने हे उद्यान राखले आहे. उंच गवताची माळराने, मधूनमधून बाभळी व पळस आणि पलीकडे पाण्याची निळी रेघ. शहराच्या इतक्या जवळ रोही, म्हणजे नीलगाय, मोकळेपणाने चरताना दिसते.

वृद्धांसाठी जागा निवडताना तिची शोभा नंतर पाहावी. आधी पाहावे ते हे : वाट सपाट व रुंद आहे काय, बसण्याच्या जागा किती अंतरावर आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, मोटार कुठवर जाते आणि मोबाइल लागतो की नाही. ज्यांना मुळीच चालवत नाही त्यांच्यासाठी वाहनाची सोय त्या दिवशी आहे का, हेही फाटकावर विचारून घ्यावे. मी एका रविवारी एकटाच जाऊन ही पाहणी केली. कोणत्या बाकापासून पुढचे बाक किती पावलांवर आहे, ते मोजून आलो.

पहिल्या दिवशी वडील एका बाकापर्यंत चालले आणि थांबले. माझ्या मोजणीप्रमाणे ती नव्वद पावले होती. मला पुढे न्यायचे होते. त्यांना बसायचे होते. आम्ही बसलो. बाजूच्या तारेवर वेडा राघू बसला होता. तो झेपावून हवेतील किडा पकडी, पुन्हा त्याच जागी येऊन बसे आणि किडा तारेवर आपटून गिळून टाकी. वडिलांनी हे आठ-दहा वेळा पाहिले. घरी परतल्यावर त्यांनी कपाटातून मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' काढला. विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालविलेल्या चितमपल्लींची पुस्तके त्यांच्या आवडीची. परंतु मनगट मोडल्यापासून त्यांनी ती उघडली नव्हती.

तेव्हापासून आम्ही अंतर बाकांत मोजू लागलो. पहिल्या आठवड्यात एक बाक, दुसऱ्यात दोन. दोन बाकांच्या मध्ये एकच नियम : चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, वाक्य तुटू लागले, की वेग कमी करायचा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम किंवा अंधारी जाणवली तर तिथेच थांबायचे आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यायची. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी असा उपक्रम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

काठीबद्दल दोन शब्द. काठी घेणे वडिलांना कमीपणाचे वाटे. मी त्यांना रानात सारेच काठी घेऊन हिंडतात, असे सांगितले. ते त्यांना पटले. पायांत बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावे. मनगटाची घडी जिथे येते तेवढी काठीची उंची असावी. ज्या पायात दुखणे किंवा अशक्तपणा आहे त्याच्या विरुद्ध हातात ती धरावी. खालच्या टोकाचे रबर झिजले की बदलावे. दुहेरी भिंगाचा चष्मा लावून खडबडीत वाटेवर चालताना खालच्या भिंगातून जमीन अस्पष्ट दिसते व पाऊल चुकते. शक्य असल्यास चालण्यासाठी केवळ दूरचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

बाकावरून उठताना

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौथ्या बाकापर्यंत पोहोचलो होतो. पाणी दिसेल अशा ठिकाणी वीसेक मिनिटे बसलो. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी काठाजवळ पोहत होती. तिच्या चोचीच्या टोकाचा पिवळा आणि बुडाशी असलेला लाल ठिपका वडिलांना दुर्बिणीतून स्पष्ट दिसला आणि ते नाव कशावरून पडले असावे, याचा त्यांना उलगडा झाला. इतक्यात गवतातून एक मोठा रोही बाहेर आला. तो नीट दिसावा म्हणून वडील झटकन उठले. क्षणात त्यांचा चेहरा पांढरा पडला, गुडघे दुमडले. मी कमरेला धरले म्हणून ते जमिनीवर आपटले नाहीत. त्यांना तिथेच निजविले, पाय बाकावर ठेवले. मिनिटभरात रंग परतला. "काही नाही, उठताना कधी कधी होतं असं," ते म्हणाले.

कधी कधी म्हणजे कधीपासून? मी विचारले. त्यांनी सांगितले, दोन वर्षांपासून. पहाटे उठताना तर हमखास.

घरी आल्यावर मी ते केले जे दवाखान्यात कितीतरी वृद्ध रुग्णांचे करतो आणि आपल्या घरात एकदाही केले नव्हते. त्यांना पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजला : १४८. उभे करून एका मिनिटाने मोजला : ११८. वरचा आकडा उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ती धोक्याची खूण होय. वडिलांचा ३० ने उतरला होता. त्यांना रक्तदाबाच्या गोळीसोबत लघवी वाढविणारे औषध होते आणि प्रोस्टेटसाठीही एक गोळी होती. या तिन्हींनी उठताना रक्तदाब उतरू शकतो. ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांखालून गेली होती. मी मान डोलाविली होती.

मग त्या पहाटेची आठवण झाली. ओल्या फरशीला आम्ही सर्वांनी दोष दिला होता. न्हाणीघरात खडबडीत फरशी बसविली, आधाराचे दांडे लावले; त्या गोष्टी योग्यच होत्या. परंतु वडील तेव्हाही झोपेतून उठून सरळ चालू लागले होते आणि तेव्हाही ती औषधे चालू होती. त्या पहाटे त्यांचा रक्तदाब कोणी मोजला नव्हता, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही. तरी ज्या कारणासाठी मी त्यांना वर्षभर घरात बसविले ते कारणच कदाचित चुकीचे होते. उभे करून रक्तदाब मोजण्याची दोन मिनिटे मी दिली असती, तर त्यांचे ते वर्ष वाया गेले नसते. हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण वाचकांपैकी कुणाच्या घरी एक यंत्र आज कपाटातून बाहेर निघाले, तर तो संकोच सार्थकी लागेल.

एका फिजिशियन स्नेह्याशी विचारविनिमय करून एक औषध बंद केले, दुसऱ्याची वेळ आणि मात्रा बदलली. येथे कळकळीची विनंती : हे वाचून कोणीही आपल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आकडे लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. दोन आठवड्यांनी वडिलांचा फरक १२ वर आला. शिवाय उठण्याची एक पद्धत आम्ही ठरविली. आधी बाकाच्या कडेला सरकायचे, दोन्ही घोटे दहा वेळा वर-खाली हलवायचे, मग उभे राहायचे, जागीच उभे राहून दहापर्यंत मोजायचे आणि नंतर पहिले पाऊल टाकायचे. समोर रोही असो वा वाघ, दहा मोजून झाल्याशिवाय हलायचे नाही.

ऋतू आणि गवत

नागपूरचे हवामान वृद्धांशी मृदूपणे वागत नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०१८ च्या डिसेंबरात ते ३.५ अंशांपर्यंत उतरले. उन्हाळ्यात वृद्धांनी रानात जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वयानुसार तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि काही औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती आणखी कमी करतात. थंडीतही अगदी पहाटे निघणे टाळावे. गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. आम्ही सूर्य चांगला वर आल्यावर, साडेआठच्या सुमारास निघत असू. पक्षी थोडे कमी दिसतात. त्याने फारसे बिघडत नाही.

पाणी न पिण्याचे एक कारण वृद्ध सहसा सांगत नाहीत. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने ते सकाळपासून पाणी टाळतात, विशेषतः स्त्रिया. म्हणून जागेची पाहणी करताना स्वच्छतागृह आधी शोधावे आणि ते त्यांना दाखवून ठेवावे. पाण्याचा घोट मग आपोआप घेतला जातो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा सांगितली आहे, त्यांनी ती पाळावी. मधुमेह असलेल्यांनी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर निश्चितच, उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि ते कोणत्या खिशात आहे हे सोबत्यालाही ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट विदर्भातील वाचकांनी लक्षात ठेवावी. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे स्क्रब टायफस या तापाची साथ आली आणि नागपुरात मृत्यूही झाले. गवत व झुडुपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो. चावा कळतही नाही. साधारण एक ते तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चाव्याच्या जागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते; ती बहुधा काखेत, कमरेपाशी किंवा जांघेत, म्हणजे सहसा न पाहिल्या जाणाऱ्या जागी असते. वेळेवर ओळखल्यास स्वस्त औषधांनी हा आजार बरा होतो. उशीर झाल्यास फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यासाठी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत उंच गवतात शिरू नये, गवतावर थेट बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे व मोजे घालावेत, घरी येताच आंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत. आणि ताप आल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, "आम्ही रानात गेलो होतो." हे एक वाक्य निदानाचे दिवस वाचविते.

पेंचच्या वाटेवर

जानेवारीअखेर वडील हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठू लागले. सलग तीन वेळा. पाच बाके झाली होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे सिल्लारीला निघालो.

पेंचचे जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. आपल्याकडील भागाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला; आज त्याचे क्षेत्र सुमारे ७४१ चौरस किलोमीटर आहे. नागपूरहून जबलपूर मार्गाने कामठी, कन्हान, मनसर ओलांडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग दिसू लागतो. या महामार्गाचे रुंदीकरण करताना वन्यप्राण्यांना जाण्या-येण्यासाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत. त्यांतील सर्वांत मोठा ७५० मीटर लांबीचा आहे. वरून मालमोटारी धावतात आणि खालून चितळ, रानकुत्री, वाघही जातात, हे तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे. वडिलांनी या ठिकाणी मोटार हळू घ्यायला लावली आणि त्या बांधकामाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहून मान हलविली.

व्याघ्र प्रकल्पात पायी फिरता येत नाही आणि गाडीतून उतरताही येत नाही. पावसाळ्यात मुख्य क्षेत्रातील सफारी बंद असते. आठवड्यातील सुट्टीचा दिवस आणि आरक्षण आधीच पाहून घ्यावे. आम्ही सकाळच्या फेरीऐवजी दुपारची निवडली, कारण उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा वृद्धांना सोसत नाही. त्याच दिवशी परतण्याची घाई नको म्हणून रात्रीचा मुक्काम ठेवला.

जिप्सीच्या धक्क्यांविषयी पुरेसे बोलले जात नाही. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांच्या पाठीचा मणका एका जोरदार आदळीनेही दबू शकतो. अशांनी मागच्या चाकावरची बैठक टाळून पुढच्या बाजूस बसावे, खाली जाड उशी घ्यावी, गाडी हळू नेण्यास आधीच सांगावे आणि पूर्वी मणका दबलेला असल्यास सफारीचा मोह सोडावा. पाण्याकाठच्या बाकावरही रान भेटते. दम्याच्या रुग्णांनी धुळीसाठी रुमाल व हाताशी इन्हेलर ठेवावा. तीन तासांहून अधिक वेळ खाली उतरता येणार नाही. म्हणून फाटकापाशी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि ज्यांना लघवी रोखता येत नाही त्यांनी प्रौढांसाठीचा डायपर निःसंकोच वापरावा. वडिलांनी वापरला. त्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "आता निवांत बघा."

गाडीत चढताना वाटाड्याने हात दिला. तो जवळच्याच गावचा तरुण होता. "आजोबा, आपल्याला घाई नाही," तो म्हणाला. रान पानगळीत होते. सागाची मोठी पाने वाटेवर वाळून पडली होती, कांडोळाची पांढरी खोडे दुरूनच दिसत होती आणि मधेच एखादा पळस अंगावर एकही पान नसताना केशरी पेटलेला होता. चितळांचा कळप मोहाखाली उभा होता. कुठेतरी वानर खाकरले, पाठोपाठ चितळाची हाक आली. वाटाड्याने गाडी थांबवून बोट ओठांवर ठेवले. आम्ही दहा मिनिटे श्वास रोखून बसलो. काहीही आले नाही. वळून पाहतो तो वडिलांना डुलकी लागलेली.

पुढे एका वळणावर झाडांमधून तोतलाडोहाचे पाणी दिसले. मी वडिलांच्या खांद्याला हात लावला. ते सावकाश सरळ बसले. समोर शांत, विस्तीर्ण पाणी होते. पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा. पाणकावळे वाळलेल्या झाडांच्या बुंध्यांवर पंख पसरून बसले होते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठावरच्या ओल्या-सुक्या रेषेकडे पाहत त्यांनी साठ्याचा एक आकडा सांगितला आणि पुन्हा पाहत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील आकड्यात आणि त्यांच्या अंदाजात तीन टक्क्यांचा फरक निघाला. त्या तीन टक्क्यांचे कारण ते परतीच्या प्रवासात मनसरपर्यंत सांगत होते.

रात्री मुक्कामी पत्नी म्हणाली, तीन वर्षांत प्रथमच ती कुठे बाहेर झोपते आहे. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांचे चालणेही अनेकदा त्याच खुर्चीपाशी थांबलेले असते. सकाळी मी वडिलांजवळ बसलो आणि ती एकटीच मुक्कामाच्या आवारात तासभर फिरून आली. आता आमच्या घरी आठवड्यातील दोन सकाळी वडिलांची जबाबदारी माझी आणि चालणे तिचे, असे ठरले आहे. घरात एखादे वृद्ध माणूस असेल, तर शुश्रूषा करणाऱ्यासाठीही अशी एक-दोन सकाळ राखून ठेवावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

त्याला एक वर्ष होऊन गेले. वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मधल्या काळात ते पडले नाहीत. मात्र वय आपले काम करतेच. या हिवाळ्यात अंबाझरीला पाच बाकांची तीन झाली आहेत. तिसऱ्या बाकावर ते पत्नीसोबत बसतात, संत्रे सोलतात आणि मी चौथ्या बाकापर्यंत जाऊन काय दिसले ते परत येऊन सांगतो. ते सारे लक्षपूर्वक ऐकतात आणि मी सांगितलेले पक्ष्याचे नाव बहुतेक वेळा दुरुस्त करतात. मग बाकाच्या कडेला सरकतात, घोटे हलवितात, उभे राहतात आणि आम्ही तिघे मिळून दहापर्यंत मोजतो.